कोदंड, कमान आणि कमठा : पारंपरिक धनुष्याच्या श्रेष्ठत्वाचा वाद

पारंपरिक धनुर्विद्येची उत्तम साधने कोणती, हा प्रश्न बारामती-इंदापूरसारख्या भागात चर्चिला जावा हे वरवर पाहता नवलाचे वाटेल; पण त्याला निमित्त आहे. नीरेच्या पलीकडे, फलटण तालुक्यातील सरडे या गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धेत भारताच्या वतीने धनुर्धर म्हणून उतरले, आणि धनुष्य ही वस्तू या परिसरात पुराणातून उठून मैदानावर आली. जाधवांच्या हातातील धनुष्य आधुनिक बनावटीचे होते. परंतु आपल्याकडील देशांतर्गत स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक वेगळा वर्ग आहे; त्यात बांबूचे धनुष्य घेऊन ५० व ३० मीटर अंतरांवर बाण सोडावे लागतात. नवशिक्या विद्यार्थ्याची सुरुवात बहुधा याच धनुष्याने होते, कारण आधुनिक धनुष्याची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची असते. साहजिकच ‘आपले’ धनुष्य कोणते आणि त्यातले श्रेष्ठ कोणते, असा वाद उपस्थित होतो. तो मैदानापुरता राहिला असता तर भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या वादात पुढे केला जाणारा पुरावा बव्हंशी शब्दांचा असतो, आणि तो ज्या रीतीने वापरला जातो ती रीत, प्रस्तुत लेखकाच्या मते, मुळातच सदोष आहे.

वादाचे दोन पक्ष ठळक दिसतात. पहिला पक्ष संस्कृत नामावळीचा : कोदंड, कार्मुक, शार्ङ्ग, गांडीव ही नावे उच्चारली की श्रेष्ठत्व सिद्ध झाले असे तो मानतो. दुसरा पक्ष कमानीचा : शिंग, स्नायू आणि लाकूड सरसाने सांधून केलेले, सुलतानी व मोगल काळात प्रतिष्ठा पावलेले आखूड धनुष्य हेच कारागिरीचे शिखर, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या धनुष्याच्या बाजूने कोणी बोलत नाही. ते म्हणजे बांबूचा साधा कमठा. त्याला महाकाव्यात नाव नाही आणि वस्तुसंग्रहालयात काचेचे कपाट नाही.

पहिल्या पक्षाचा पुरावा तपासू. बारामतीत बसून हा विषय काढला की मोरोपंतांना वगळणे शक्य नाही. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा भाग बारामतीत घालवून १७९४ साली तेथेच निवर्तलेल्या या कवीने संपूर्ण महाभारत आर्यांत उतरवले आणि रामायणे तर अष्टोत्तरशत रचली, असे आपण सांगतो. इतक्या युद्धवर्णनांत धनुष्यवाचक शब्दांची खाण असणार हे ओघानेच आले. त्या खाणीतून ‘धनुष्याचे प्रकार’ वेचून याद्या करण्याचा मोह पदव्युत्तर विद्यार्थ्यांना होतो, आणि मार्गदर्शकही त्यांना अडवीत नाहीत. येथेच पहिली चूक होते.

मोरोपंतांची आर्या बहुधा गीती असते. तिच्या प्रत्येक अर्धात तीस मात्रा, आणि त्या चार-चार मात्रांच्या गणांत बसवाव्या लागतात. आता शब्द मोजून पाहावेत. विभक्तिप्रत्यय बाजूला ठेवले तर ‘धनु’च्या दोन मात्रा, ‘चाप’च्या तीन, ‘कार्मुक’च्या चार, ‘कोदंड’ आणि ‘शरासन’ यांच्या प्रत्येकी पाच. म्हणजे कवीच्या हाताशी दोनपासून पाच मात्रांपर्यंतची सगळी मापे तयार आहेत. रिकाम्या जागेत जे माप बसेल ते तो उचलणार. शिवाय यमकाचा ओढा आहेच. एखाद्या आर्येत अर्जुनाच्या हाती ‘चाप’ असेल आणि पुढच्या आर्येत ‘कार्मुक’, तर अर्जुनाने धनुष्य बदलले असे नव्हे, मात्रा बदलल्या. हा मोरोपंतांचा दोष नाही, त्यांच्या कसबाचा भाग आहे. तसेच त्यांच्या काळी रणांगणावरचे मुख्य काम तोफ, बंदूक, भाला आणि तलवार यांनी चालत होते. धनुष्याच्या बनावटीची साक्ष देण्याचे त्यांना काही कारणही नव्हते.

ही समानार्थकता मोरोपंतांनी निर्माण केलेली नाही. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात धनुस्, चाप, धन्वन्, शरासन, कोदंड, कार्मुक आणि इष्वास हे शब्द एका ओळीने पर्याय म्हणून दिले आहेत, आणि पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येक कवीला ते मुखोद्गत असत. (विशेषनामांच्या बाबतीतही कोशाचा आणि काव्याचा मेळ बसतोच असे नाही. कर्णाच्या धनुष्याला अमर ‘कालपृष्ठ’ म्हणतो, तर कर्णपर्वात ते ‘विजय’ आहे.) परंतु याहून निराळी अशी एक परंपरा आहे, आणि तीत हेच शब्द पर्याय नाहीत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराच्या प्रकरणात, धनुष्ये चार द्रव्यांची सांगितली आहेत : ताल, चाप, दारू आणि शृंग, आणि लगोलग चार नावे दिली आहेत : कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुस्. ‘चाप’ हा तेथे वेळूचा एक प्रकार समजला जातो. द्रव्ये आणि नावे क्रमाने जुळवावीत असा अर्थ लावला, आणि शामशास्त्र्यांपासून तो तसा लावला गेला आहे, तर ताडाच्या लाकडाचे ते कार्मुक, वेळूचे ते कोदंड, इतर लाकडाचे ते द्रूण आणि शिंगाचे ते धनुस्. ‘द्रूण’ शब्दातील ‘द्रु’, म्हणजे लाकूड, हा अंश या अर्थाला पोषकच आहे.

या एका सूत्राने वादाचे सारे स्वरूप पालटते. भांडाराच्या अधिकाऱ्याला कोणते धनुष्य कशाचे आहे हे ठाऊक असणे भाग होते, कारण जतनाची रीत द्रव्यावर अवलंबून. म्हणून त्याच्या भाषेत चार शब्द चार वस्तूंचे वाचक राहिले. कोशकाराला आणि कवीला तशी गरज नव्हती, म्हणून त्यांच्या भाषेत ते एकमेकांत विरघळले. अर्थशास्त्राचा ग्रंथ शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध करीपर्यंत विद्वानांच्या नजरेआडच होता, तेव्हा मोरोपंतांना हा भेद ठाऊक असण्याची अपेक्षाच करता येत नाही. आजच्या अभ्यासकाला मात्र ती सबब नाही; १९६० पासून प्रा. र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती त्याच्या हाताशी आहे. आणि गंमत अशी की, ज्या ‘कोदंड’ नावाचा उच्चार करून बांबूच्या धनुष्याला तुच्छ लेखले जाते, तेच नाव या पाठाप्रमाणे बांबूच्या धनुष्याचे आहे.

आता कमानीकडे वळू. तिच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य पुष्कळ आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ गाभ्याला धनुर्धराच्या बाजूने म्हशीचे शिंग आणि लक्ष्याच्या बाजूने स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवतात. धनुष्य ओढले असता आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. प्रत्येक द्रव्याला त्याच्या प्रकृतीचे काम मिळते. दोरी उतरवली की अशी कमान उलट दिशेने वळते, म्हणजे दोरी चढवतानाच तिच्यात जोर साठवला जातो. त्यामुळे लांबी कमी असूनही ती बाण वेगाने फेकते, आणि आखूड असल्याने घोड्यावरून वापरता येते. एकेका कमानीला सरस वाळण्यासाठी महिनोन्‌महिने द्यावे लागत. केवळ शक्तीचा हिशेब केला तर साध्या बांबूने हिच्याशी बरोबरी करू नये.

पण सरस पाण्याला भितो. दमट हवेत तो मऊ पडतो आणि सांधे सुटू लागतात. भारतातील कारागिरांनी पुढे सबंध पोलादाच्या कमानी घडवल्या. त्या मारा करण्यात शिंगाच्या कमानीहून उण्या, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी हवेने बिघडत नसत. ही तडजोडच शिंगाच्या कमानीवरची सर्वांत बोलकी टीका आहे.

येथे पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. इंदापूर-बारामतीच्या पठारावर वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, लोणावळ्याच्या बाजूस, तो चार हजारांच्या वर जातो. पूर्वेकडे सपाट माळ, कोरडी हवा, घोड्याला मोकळी धाव. पश्चिमेकडे डोंगर, जंगल, चार महिने ओली हवा आणि पायदळाची चाल. पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण ही भोसल्यांच्या जहागिरीची ठाणी म्हणून एका दमात सांगितली जातात. त्यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे, आणि मालोजीराजांचा अंत इंदापुरास झाला असे मानले जाते. निजामशाही घोडदळाच्या या मुलखात कमान शोभली असेल, टिकलीही असेल. तीच कमान आषाढात मुळशीच्या घाटात नेली तर तिची काय अवस्था होईल? तेव्हा एका जिल्ह्यापुरतेही ‘सर्वश्रेष्ठ’ असे एक धनुष्य नाही. घोड्यासाठी आखूडच धनुष्य हवे, हा नियमही सार्वत्रिक समजू नये. दमट हवेच्या जपानात बांबूच्या पट्ट्या सांधलेले दोन मीटरांहून लांब धनुष्य घोड्यावरून वापरले गेले; त्यांनी लांबी कमी केली नाही, मूठ मध्याच्या खाली घेतली. साधनाची अडचण कोठे सोडवायची, द्रव्यात की आकारात, हे ज्याचे त्याने ठरवले.

राहिला कमठा. या शब्दाकडे मराठीच्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘कमान’ आणि ‘कमठा’ हे दोन्ही शब्द स्वतंत्र नोंदींनी आले आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण ‘कमान’ फारसी, तर ‘कमठा’ देशी परंपरेतला. संस्कृत कोशांत ‘कमठ’ शब्दाचा कासव हा अर्थ प्रसिद्ध आहे, पण वेळू हाही अर्थ दिलेला आहे, आणि बांबूच्या धनुष्याच्या नावाशी त्याचा संबंध जोडणे युक्त दिसते. (पतंगाला लागणारी बांबूची कामटीही कानाला याच घरातली वाटते, पण कानाला वाटणे हा व्युत्पत्तिशास्त्रात पुरावा नव्हे.) ‘तिरकमठा’ हा जोडशब्द तर फारच बोलका आहे : बाण फारसी, धनुष्य देशी. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग राखून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. दरबारी भाषेपुरता तो उद्योग मोठा आणि अर्थपूर्ण होता. पण रानात तिरकमठा वापरणाऱ्याने आपला संकरित शब्द सोडला नाही. ‘शुद्ध परंपरा’ शोधू पाहणाऱ्यांनी या शब्दापाशी थोडे थांबावे.

आणि कमान या शब्दाचे पुढे काय झाले? शस्त्र गेले तरी शब्द राहिला. तो दरवाजावर चढला, गाडीखाली आणि घड्याळात शिरला. धनुष्याची मूळ कल्पना पिंजाऱ्याच्या धनुकलीत आणि सुताराच्या सामत्यात कामाला लागली. कमठ्याचा असा अर्थविस्तार झाला नाही. तो धनुष्यच राहिला आणि धनुष्याबरोबर मागे पडला.

कमठ्याच्या उपयुक्ततेचा एक ऐतिहासिक पुरावा मात्र नजरेआड करण्याजोगा नाही. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) शिवकालीन पायदळाचे वर्णन करताना सांगितले आहे की, दर दहावा शिपाई बंदुकीऐवजी धनुष्यबाण बाळगीत असे, आणि रात्रीच्या छाप्यात, जेव्हा बंदुका वाजवण्याची मनाई असे, तेव्हा त्याचा उपयोग होई. हे धनुष्य कशाचे असे, हे तो सांगत नाही. पण मावळातल्या पायदळाच्या हातात शिंगाच्या महागड्या कमानी असतील असे समजणे कठीण आहे. या नोंदीतली श्रेष्ठत्वाची कसोटी पाहावी. पल्ला नव्हे, भेदकता नव्हे, शोभा तर नव्हेच. आवाज न होणे, ही कसोटी. जी दहापैकी नवांजणांच्या बंदुकीला उतरता येत नव्हती, ती या एका धनुष्याला उतरता येत होती.

बांबूच्या धनुष्याची प्राचीनताही कमी नाही. इ. स. पू. ४८० मधील क्षयार्षाच्या सैन्यातील भारतीयांची धनुष्ये व बाण नळाचे असल्याचे हिरोडोटसने नमूद केले आहे. भारतात ज्या नळाचे धनुष्य होऊ शकते तो वेळूच. एरियनने वर्णिलेले पुरुषभर उंचीचे, टोक जमिनीवर टेकून डाव्या पायाने दाबून ओढायचे धनुष्यही पायदळाचेच आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा दोरीचा आहे. अर्थशास्त्रात ज्येची द्रव्ये सांगताना मूर्वा, अर्क, शण, गवेधु, स्नायू यांच्याबरोबर ‘वेणु’ हा शब्द आला आहे. वेळूची दोरी! ज्याने केवळ सुताची आणि नायलॉनची दोरी पाहिली आहे, त्याला हा पाठ संशयास्पद वाटेल. चिकित्सक वृत्तीचा एखादा विद्यार्थी दुरुस्तीही सुचवील. पण सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्याच सालीची चिवट पट्टी दोरी म्हणून लावण्याची रीत आहे. धनुष्य बांबूचे, दोरी बांबूची, बाणाचा दांडा बोरूचा, फक्त टोक लोखंडाचे. रानात दोरी तुटली तर दुसरी तेथेच निघते. म्हणजे ग्रंथातील एका शब्दाचे प्रामाण्य दुसऱ्या ग्रंथाने नव्हे, तर धडगावच्या डोंगरातल्या एका वस्तूने ठरते. भाषाभ्यासात क्षेत्रकार्याला दुय्यम मानणाऱ्यांसमोर प्रस्तुत लेखक हे उदाहरण नेहमी ठेवतो. त्याच यादीतील अर्क म्हणजे आपली रुई, आणि शण म्हणजे ताग. रुई इंदापूरच्या माळावर कोणी न लावता उगवते; तागाचे बी बारामतीच्या बागायती पट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी पेरले जाते. कौटिल्याच्या आयुधागारातील दोन दोऱ्यांचा कच्चा माल असा आपल्या बांधावर उभा आहे, आणि आपण पारंपरिक साधन म्हणजे काय यावर वाद घालीत आहोत.

कमठ्याचे दोष लपवण्याचे कारण नाही. बांबू वापराने वाक धरतो आणि त्याचा जोर उतरतो. पेरे वाईट जागी आले तर तो फुटतो. सारख्या ताकदीची दोन धनुष्ये करणे दुर्घट असते. बाहेरची साल ताण सोसते म्हणून तिला हात लावायचा नाही आणि आतला गरच तासायचा, ही साधी गोष्ट न जाणणाऱ्याच्या हातून तो लवकर मोडतो. परंतु पाऊस, दुरुस्ती आणि द्रव्याची उपलब्धता या तीन कसोट्या लावल्या, तर सह्याद्री-सातपुड्याच्या पायी चालणाऱ्या माणसासाठी याच्यापेक्षा चांगले साधन दाखवता येणार नाही.

धनुष्याच्या या वादात बाणाची आणि हाताची उपेक्षा होते, तीही खटकते. दांडा फार ताठ असो वा फार लवचीक, सुटताना तो धनुष्याच्या अंगावरून वळसा घेऊन जातो, आणि तो वळसा धनुष्याच्या जोराशी जुळला नाही तर श्रेष्ठ कमानीचाही बाण भरकटतो. कौटिल्याने बाणाच्या टोकांची विभागणी छेदन, भेदन आणि ताडन अशी कामावरून केली, हे जाणकाराचे लक्षण आहे. हाताचे म्हणाल तर आदिपर्वातील एकलव्याची कथा नीट वाचावी. अंगठा दिल्यानंतर तो बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीचे चापल्य राहिले नाही, असे तेथे म्हटले आहे. याचा अर्थ, अंगठ्याने ओढण्याची रीत त्या कथाकाराला गृहीत होती. आज काही आदिवासी धनुर्धर अंगठा वापरीत नाहीत ते एकलव्याच्या स्मरणार्थ, अशी समजूत ऐकू येते. समजूत सुंदर आहे. पण इंग्लंडातले जुने धनुर्धरही बोटांनीच दोरी ओढीत. त्यांनाही एकलव्याच्या वंशात घालावे लागेल. अंगठ्याने ओढणाऱ्यांच्या कड्याला फारसीत ‘शस्त’ म्हणत, आणि नेमालाही तोच शब्द. आपल्याकडे ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे हा अर्थ त्यातूनच आला. शाळेत मुलांना लावली जाते ती शिस्त याच शब्दाचा पुढचा संसार असावा. ‘सज्ज’ हा तर मुळात दोरी चढवलेल्या धनुष्याचा शब्द, स-ज्य. आणि ‘भाता’ हा ‘भस्त्रा’ म्हणजे चामड्याच्या पिशवीपासून आला, म्हणूनच लोहाराचा भाता आणि बाणांचा भाता हा एकच शब्द आहे.

आता मैदानावरचा मूळ प्रश्न. ‘इंडियन राउंड’मधील धनुष्य पारंपरिक म्हणावे काय? त्याचा बांबू खरा, पण घडण आधुनिक खेळाच्या धनुष्याकडे पाहून बेतलेली, आणि दोरी बहुधा कारखान्यातली. त्याला परंपरेचे प्रमाणपत्र देण्याचीही गरज नाही आणि ते बनावट ठरवण्याचीही नाही. तिरकमठ्याइतकेच तेही संकरित आहे. इंदापूरच्या विद्यार्थ्याला परवडते आणि त्याच्या हाताला वळण लावते, एवढे त्याचे मोल पुरेसे आहे. मात्र ते तासणाऱ्या कारागिरांच्या तोंडी आज कोणते शब्द आहेत, सालीच्या बाजूला ते काय म्हणतात, वाक धरलेल्या बांबूला कोणते क्रियापद लावतात, दोरी अडकवायच्या खाचेचे नाव काय, यांची नोंद झाली पाहिजे. विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने मोरोपंतांच्या आर्यांतील धनुष्ये मोजण्याऐवजी हे काम अंगावर घ्यावे. त्यासाठी लागणारी शब्दसूची पन्नास-साठ नोंदींपेक्षा मोठी होणार नाही, आणि ती धडगाव, मुळशी आणि बारामती अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे करावी.